आईच्या जबड्यातलं सिमेंट कुणाच्या हाडावर तपासलं?

प्रश्न : माझ्या आईच्या वरच्या समोरच्या दाताचं रूट कॅनॉल काही वर्षांपूर्वी झालं होतं. मुळाच्या टोकाशी पुन्हा पू धरला, म्हणून डॉक्टरांनी हिरडी उघडून मुळाचं टोक कापलं आणि तिथे सिमेंट भरलं. बिलावर 'एमटीए' असं लिहिलंय. माझे मामा सिव्हिल इंजिनिअर आहेत. ते म्हणाले, हे तर आपलं बांधकामाचंच सिमेंट! पुढे शोधताना वाचलं की असल्या सिमेंटची सुरक्षितता 'मानवी हाडाच्या पेशींवर' तपासतात. कुणाच्या हाडावर? आणि बशीतल्या पेशी जगल्या, म्हणजे आईला धोका नाही, असं समजायचं का?
— एक वाचक, कराड

उत्तर : मामा चुकले नाहीत. एमटीए, म्हणजे मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रिगेट, कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी पुढे आणलं. मुळाला पडलेलं भोक बुजवण्यासाठी ते वापरून पाहिल्याचा पहिला निबंध १९९३ साली आला. मूळ मिश्रणात शंभरात सुमारे पंचाहत्तर भाग पोर्टलंड सिमेंट, वीस भाग बिस्मथ ऑक्साइड आणि पाच भाग जिप्सम. यातल्या पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ साली लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने घेतलेलं. बिस्मथ घातलं ते केवळ एक्स-रेमध्ये भरण पांढरं उमटावं म्हणून.

दातात गवंडीकामाचा माल का घालावा, याचं कारण ओल. मुळाच्या टोकाशी रक्त पाझरत असतं, आणि जुनी बहुतेक भरणं कोरडी जागा मागतात. सिमेंटला उलट पाणी लागतंच. पाणी मिळालं की त्यातलं ट्रायकॅल्शियम सिलिकेट घट्ट होत जातं आणि त्या प्रक्रियेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं. हा म्हणजे पानाला लावतात तोच चुना. पानात जास्त झाला की तोंड भाजतं, हे पान खाणाऱ्याला सांगायला नको. कालवल्याबरोबर एमटीएचा पीएच १०.२ असतो, तीन तासांत तो १२.५ वर जातो. आणि मूळच्या एमटीएला घट्ट व्हायला पावणेतीन तास लागतात. म्हणजे आईंच्या जबड्याच्या हाडाला लागून काही तास चुन्यासारखा जहाल पदार्थ बसलेला होता. तो हाडाला सोसवतो का, हा प्रश्न तुम्हाला पडला तसा संशोधकांनाही पडला होता.

(मामांनी दुकानातलं पोतं मात्र सुचवू नये. पाण्याने घट्ट होणाऱ्या दंत-सिमेंटांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात आम्लात विरघळणाऱ्या आर्सेनिकची मर्यादा किलोला दोन मिलिग्रॅम, शिशाची शंभर मिलिग्रॅम अशी आहे. इमारतीच्या सिमेंटला असला हिशेब कुणी विचारत नाही. त्याच्या कणांचा आकारही ठरीव नसतो आणि माल पोत्यागणिक बदलू शकतो. स्लॅबला चालतं ते मुळाच्या टोकाला चालेलच असं नाही.)

आता 'कुणाच्या हाडावर'. जिवंत माणसाचं हाड उघडं करून त्यावर सिमेंट लावून पाहत नाहीत, ही धास्ती आधी काढून टाका. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी वापरतात, आणि त्यांचे दोन प्रकार असतात.

पहिल्या प्रकारच्या पेशी थेट माणसांकडून येतात. अक्कलदाढ काढताना किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेत हाडाचे बारीक तुकडे निघतात, एरवी ते टाकूनच दिले असते. रुग्णाची संमती घेऊन ते धुतात, बारीक कापतात आणि पोषक द्रवात ठेवतात. काही आठवड्यांत तुकड्यांच्या कडेने पेशी बाहेर सरकू लागतात. हाड बांधणाऱ्या या पेशींना ऑस्टिओब्लास्ट म्हणतात. खऱ्या हाडाला सर्वांत जवळच्या याच, पण त्या चिवट नसतात. काही पिढ्या वाढून थकतात. शिवाय एका माणसाच्या पेशी दुसऱ्याच्या पेशींसारख्या वागत नाहीत, त्यामुळे पुण्यातला निकाल लंडनच्या निकालाशी ताडून पाहणं अवघड होतं.

म्हणून बहुतेक ठिकाणी दुधाची तहान ताकावर भागवतात. हाडाच्या कर्करोगातून निघालेल्या आणि बाटलीत न थकता वाढत राहणाऱ्या पेशी वापरतात. यातली एक वंशावळ एमजी-६३, एका चौदा वर्षांच्या मुलाच्या गाठीतून आलेली. १९७७ साली बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या संशोधकांनी तिच्याबद्दल लिहिलं, ते दातांसाठी नव्हे. त्यांना इंटरफेरॉन मोठ्या प्रमाणात तयार करणाऱ्या पेशी हव्या होत्या. दुसरी साओस-२, अकरा वर्षांच्या एका मुलीच्या गाठीतली, १९७३ सालची. सुमारे पन्नास वर्षं झाली, पण या दोन मुलांच्या पेशी जगभरच्या दंत महाविद्यालयांत अजून वाढताहेत. आपल्याकडेही पुण्यात गणेशखिंडला, विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तिथल्या पेशीभांडारातून अशा वंशावळी देशभरच्या संशोधकांना मिळतात.

दातांच्या क्षेत्रात या वाटेने आधी आल्या त्या हाडाच्या पेशी नव्हत्याच. १९६०च्या दशकाच्या शेवटी लार्श स्पाँगबर्ग या स्वीडिश संशोधकाने रूट कॅनॉलच्या मसाल्यांची विषारीपणाची चाचणी हेला पेशींवर केली. या पेशी १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या, तिला न विचारता. पेशी कुणाच्या, हा तुमचा प्रश्न म्हणूनच भाबडा नाही. दंतवैद्यकाच्या पुस्तकांत तो फार उशिरा विचारला गेला.

आणखी एक गोष्ट ऐकून आश्चर्य वाटेल. वैद्यकीय वस्तूंच्या पेशीचाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १०९९३ चा पाचवा भाग. ते हाडाच्या पेशी हव्यातच असं म्हणत नाही. त्यात नेहमी नाव येतं ते एल-९२९ चं. त्या उंदराच्या जोडऊतीतल्या पेशी आहेत, १९४०च्या दशकातल्या. कायद्याच्या कागदापुरता उंदीर पुरतो. तरी संशोधक हाडाच्या पेशी घेतात, कारण सिमेंट टेकणार आहे ते हाडाला, आणि ज्याचं त्याला विचारलेलं बरं.

ही चाचणी होते कशी, ते जरा जवळून पाहू. तिचं नाव एमटीटी. १९८३ साली टिम मॉसमन यांनी ती मांडली आणि आज पेशींच्या कामात तिच्याशिवाय पान हलत नाही.

सिमेंट कालवून त्याच्या छोट्या चकत्या करतात. काही लगेच घेतात, काही एक दिवस ३७ अंशाला दमट पेटीत घट्ट होऊ देतात. चकती निर्जंतुक करून पोषक द्रवात बुडवतात. किती पृष्ठभागाला किती द्रव, हेही ठरलेलं असतं: अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड वस्तूला तीन चौरस सेंटिमीटरला एक मिलिलिटर. चोवीस तासांनी चकती काढून टाकतात. सिमेंटातून जे काही सुटलं असेल ते आता द्रवात असतं. दरम्यान शहाण्णव खळगे असलेल्या तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या ताटलीत प्रत्येक खळग्यात सुमारे दहा हजार पेशी पेरून ठेवलेल्या असतात. रात्रभरात त्या तळाला चिकटून पसरतात. मग त्यांचा नेहमीचा द्रव काढून हा सिमेंटचा अर्क घालतात: काही खळग्यांत पूर्ण, काहींत निम्मा, काहींत पाव, काहींत त्याच्याही निम्मा. काही खळग्यांत साधा द्रव, म्हणजे तुलनेला निरोगी पेशी. आणि काहींत मुद्दाम एखादं विषारी द्रव्य, म्हणजे चाचणी मरण ओळखू शकते ना याची खात्री.

ताज्या एमटीएचा अर्क खळग्यात पडताना बघणाऱ्याला उपकरण लागत नाही. पोषक द्रवात फिनॉल रेड नावाचा रंग असतो, नेहमी लालसर. अल्कधर्मी अर्क पडला की तो गडद गुलाबी होतो. पेशींवर काय गुदरणार याचा अंदाज तिथेच येतो.

दिवसभराने पिवळं एमटीटी द्रावण घालतात आणि दोन-तीन तास थांबतात. जिवंत पेशी आपल्या श्वसनाच्या यंत्रणेतून त्या पिवळ्या द्रव्याचं जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर करते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या अंगात जांभळ्या सुयांचे झुबके दिसतात. मेलेल्या पेशीत काही होत नाही. मग द्रव ओतून सुया एका द्रावकात विरघळवतात, ताटली यंत्रात सरकवतात, आणि ५७० नॅनोमीटरच्या प्रकाशात प्रत्येक खळगा किती गडद आहे ते मोजतात. निरोगी खळग्यांचा आकडा शंभर धरतात. सिमेंटच्या खळग्यांत तो सत्तरच्या खाली गेला, म्हणजे तीस टक्क्यांहून जास्त घट झाली, तर मानकाच्या भाषेत वस्तू पेशीघातक.

शंभर, पंच्याऐंशी, बासष्ट. अशा आकड्यांचे स्तंभ निबंधांत छापले जातात, आणि गैरसमजही इथूनच सुरू होतो.

पहिलं म्हणजे, एमटीटी पेशी मोजत नाही, पेशींचा चयापचय मोजते. पेशी मेली नसेल, नुसती मंदावली असेल, तरी आकडा उतरतो. काही पदार्थांतून सुटणारी रसायनं स्वतःच एमटीटीला जांभळं करतात. मग पेशी मेलेल्या असूनही खळगा गडद दिसतो. म्हणून जबाबदार माणसं एका चाचणीवर विसंबत नाहीत. जिवंत पेशी हिरव्या आणि मेलेल्या लाल चमकवणारं रंगकाम करतात, आणि पेशीचं आवरण फाटून बाहेर गळणारं एक वितंचकही मोजतात.

दुसरं, ताजं आणि घट्ट झालेलं सिमेंट म्हणजे जणू दोन वेगळ्या वस्तू. ताज्या एमटीएच्या पूर्ण अर्कात पेशी बऱ्याचदा मरतात. तोच अर्क चौथाईवर आणला, किंवा चकतीला आठवडाभर वेळ दिला, तर पेशी मजेत असतात, कधी निरोगी खळग्यांहून जोमाने वाढतात. दोन निबंध एकमेकांच्या विरुद्ध बोलताना दिसले तर आधी ही दोन कलमं तपासावीत: सिमेंट किती तासांचं होतं आणि अर्क किती पातळ केला होता. बहुतेक वेळा भांडण तिथेच मिटतं.

तिसरं, खळगा म्हणजे हौदातलं साचलेलं पाणी. जे सुटलं ते तिथेच राहतं. जबड्यात रक्त वाहतं, त्यातली प्रथिनं आणि क्षार चुन्याचा जहालपणा बोथट करतात, आणि उरलेलं धुऊन नेतात. त्यामुळे प्रयोगशाळा या बाबतीत तोंडापेक्षा कडक असते. इतकंच नव्हे, सुटलेलं कॅल्शियम शरीरातल्या फॉस्फेटला भेटलं की सिमेंटच्या अंगावर ॲपेटाइटचा थर जमतो. हाडाचं खनिजही त्याच कुळातलं. खळग्यात हा व्यवहार जबड्याइतका होत नाही.

नुसतं जगणं हे हाडाच्या पेशीकडून फार थोडं मागणं आहे. तिने हाड बांधलं पाहिजे. ते पाहायला अल्कलाइन फॉस्फेटेज हे वितंचक मोजतात आणि दोन-तीन आठवड्यांनी खळग्यात ॲलिझरिन रेड हा रंग ओततात. कॅल्शियम साठलं असेल तिथे लालभडक चट्टे उमटतात. या रंगाची हाडाशी ओळख फार जुनी. लंडनचे शल्यविशारद जॉन बेल्चर एका छिटाच्या कापड-कारखानदाराकडे जेवायला गेले असताना त्यांना डुकराच्या मांसातलं हाड लाल दिसलं. कापडाच्या रंगकामात मॅडर या वनस्पतीच्या मुळ्यांचा रंग लागलेला कोंडा डुकरांना खायला घालत होते. १७३६ साली बेल्चर यांनी ते रॉयल सोसायटीत मांडलं, आणि हाड रोज नव्याने घडत असतं हे डोळ्यांना दिसण्याचा मार्ग खुला झाला. ॲलिझरिन हे त्याच मॅडरमधलं रंगद्रव्य. एमजी-६३ पेशी मात्र इथे थोड्या उण्या पडतात, त्यांना खनिज नीट साठवता येत नाही. ते काम साओस-२ चांगलं करतात. कुठल्या प्रश्नाला कुठली पेशी विचारली, यावर उत्तर ठरतं.

एमटीएबाबतचा गाजलेला प्रयोग १९९८ सालचा. लंडनचे टॉम पिट फोर्ड, स्वतः तोराबिनेजाद आणि सहकाऱ्यांनी एमजी-६३ पेशी थेट सिमेंटवर वाढवल्या. शेजारी तुलनेला होतं आयआरएम, म्हणजे झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचं भरण. युजेनॉल हा लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एमटीएवरच्या पेशी पसरलेल्या, धडधाकट. आयआरएमच्या सहवासातल्या पेशी आकसून गोल झालेल्या. हाडाची पेशी गोल झाली म्हणजे तिला ती जागा नकोशी झाली. शिवाय एमटीएच्या बाजूला इंटरल्युकिन नावाची संदेशवाहक प्रथिनंही वाढलेली आढळली. लेखकांनी याचा अर्थ लावला की सिमेंट पेशींना कामाला लावतं. मला हा अर्थ जरा घाईचा वाटतो. हीच प्रथिनं दाह होतानाही वाढतात, आणि हाड झिजवणाऱ्या पेशींनाही तीच हाक मारतात. पेशींनी आरडाओरडा केला एवढं नक्की, तो आनंदाचा की संकटाचा, हे बशी सांगत नाही.

म्हणून पुढची पायरी लागतेच. १९९७ साली माकडांच्या दातांच्या मुळांची टोकं कापून ती एमटीए आणि चांदीच्या भरणाने, म्हणजे अमाल्गमने, बुजवून पाहिली होती. एमटीए भरलेल्या सहापैकी पाच मुळांभोवती दाह नव्हता, आणि पाचांच्या भरणावर मुळाचं स्वतःचं आवरण, सिमेंटम, पूर्ण चढलं होतं. अमाल्गमच्या सगळ्या मुळांभोवती दाह, आणि भरणावर आवरण कुठेच नाही. शतकभर मुळाच्या टोकाला भरलेल्या अमाल्गमचे दिवस तिथे भरले.

मग माणसं. २००३ साली लंडनच्या चाँग, पिट फोर्ड आणि हडसन यांचा निकाल आला. आईंवर झाली तीच शस्त्रक्रिया, शंभराहून अधिक रुग्ण, अर्ध्यांना एमटीए, अर्ध्यांना तेच आयआरएम, ज्याच्या सहवासात पेशी गोल होऊन बसल्या होत्या. वर्षानंतर एमटीएचं यश ८४ टक्के, आयआरएमचं ७६. दोन वर्षांनी ९२ आणि ८७. फरक दिसतो खरा, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो उतरला नाही. बशीत ज्याने पेशींना नकोसं केलं, ते माणसाच्या तोंडात जवळपास तितकंच चाललं! लवंगेचं हे गुपित नवं नाही. युजेनॉल पेशींवर थेट टाकलं की ते मारतं. दाताच्या डेंटिनआडून झिरपलं की दीडशे वर्षं ठणका थांबवत आलंय. म्हणून दंत-साहित्याच्या मानकात, आयएसओ ७४०५ मध्ये, पदार्थ आणि पेशी यांच्यामध्ये डेंटिनची पातळ चकती ठेवून तपासण्याचीही पद्धत दिलेली आहे.

उलट बाजूचं उदाहरण जास्त गंभीर आहे. ग्लास आयनोमर हे सिमेंट तुम्ही कधीतरी दातात भरून घेतलं असेल. लंडनच्या शासकीय रसायनशास्त्र प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते शोधलं, १९७२ साली त्याची माहिती छापली. ते दाताला आपणहून चिकटतं, फ्लोराइड सोडतं आणि लहान मुलांच्या दातांत फार उपयोगी पडतं. हाडाशीही त्याचं जमतं असं चाचण्यांत दिसलं, म्हणून त्याचंच एक रूप कानाच्या आणि कवटीच्या शस्त्रक्रियेत हाडातली फट बुजवायला आलं. त्याच्या काचेत ॲल्युमिनियम असतं. पूर्ण घट्ट होण्याआधी ते मेंदूभोवतीच्या द्रवाला लागलं आणि ॲल्युमिनियम मेंदूत पोचलं. १९९४ साली 'लॅन्सेट'मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची हकिगत दिली: झटके, शुद्ध हरपणं, आणि काहींचा मृत्यू. हाडाच्या पेशींनी त्या सिमेंटला खोटं प्रमाणपत्र दिलं नव्हतं. त्यांना मेंदूबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. आणि म्हणून दातातलं ग्लास आयनोमर घाबरून काढून टाकायचंही कारण नाही, तिथून मेंदूच्या द्रवापर्यंत वाट नाही.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं. पेशींचा 'नाही' मनावर घ्यावा, त्यांचा 'हो' जपून घ्यावा. पेशी सरसकट मरत असतील तर माणसात घालण्याआधी तगडं कारण लागतं. पॅराफॉर्माल्डिहाइड घातलेले रूट कॅनॉलचे मसाले एकेकाळी युरोप-अमेरिकेत खूप खपले. फॉर्माल्डिहाइड पेशींना मारतं हे कुणापासून लपलेलं नव्हतं. मुळाच्या टोकाबाहेर गेलेल्या मसाल्याने खालच्या जबड्याची नस दुखावली, ओठ कायमचे बधिर झाले, तेव्हा लोक शुद्धीवर आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा मसाल्याला कधी मान्यता दिली नाही. पेशी जगल्या तर मात्र एवढंच सिद्ध होतं की या सिमेंटला पुढच्या परीक्षेला बसायला हरकत नाही. आणि एमटीए त्या पुढच्या परीक्षांना बसलेलं आहे: माकडं, कुत्री, आणि तीस वर्षांत असंख्य माणसं. त्याच्या निर्धोकपणाचा भार एकट्या एमजी-६३ वर नाही.

एक निबंध वाचून सिमेंट विकत घेण्याचा मोह डॉक्टरांनाही होतो, म्हणून हेही सांगतो. एमटीएनंतर त्याच घराण्यातली नवी सिमेंटं आली. फ्रान्सच्या सेप्टोडाँट कंपनीचं बायोडेंटिन त्यातलं एक. बारा मिनिटांत घट्ट होतं असं कंपनी सांगते, आणि त्यात बिस्मथऐवजी झिरकोनियम आहे, कारण बिस्मथने दात काळवंडू शकतो. दर महिन्याला कुठे ना कुठे नव्या सिमेंटचा 'हाडाच्या पेशींवर उत्कृष्ट निकाल' छापून येतो. असा निकाल दिसला की पाहायचं: पेशी कुणाच्या, सिमेंट किती तासांचं, अर्क किती पातळ, आणि शेजारी तुलनेला काय ठेवलं होतं. ज्या निबंधात नवं सिमेंट एकटंच तपासलेलं असतं, तो मी बाजूला ठेवतो.

आपल्याकडे दंत-सिमेंटं वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली येतात. हे नियम जानेवारी २०१८ पासून लागू झाले. पण परवाना खोक्यावर असतो, आणि दाताला भरताना खोका तुमच्यासमोर नसतो.

म्हणून आईंच्या डॉक्टरांकडून सिमेंटचं पूर्ण नाव, कंपनी आणि बॅच नंबर बिलावर लिहून घ्या. विचारण्यात अपमान काही नाही, नीट काम करणारा डॉक्टर ते आनंदाने देतो. दात काळा पडेल का अशी शंका असेल, तर भरण मुळाच्या टोकाशी आहे, दिसणाऱ्या भागात नाही, त्यामुळे ती भीती फारशी नाही. सिमेंट आईंच्या हाडाला मानवलं की नाही, हे आता एक्स-रे सांगेल. सहा महिन्यांनी एक आणि वर्षाने एक काढा, आणि जुन्याशेजारी ठेवून पाहायला सांगा. टोकाभोवतीची काळी सावली आक्रसत गेली पाहिजे. वर्षात ती पूर्ण गेली नाही म्हणून लगेच दात काढायला जाऊ नका, हाड भरायला काहींना तीन-चार वर्षंही लागतात. मात्र सूज परत आली, हिरडीवर पुवाची पुटकुळी दिसली किंवा ओठ बधिर वाटला, तर पुढच्या एक्स-रेची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.